नववा साचा

आमच्या शेजारच्या दातवाल्यांच्या डोक्यावर एकूण नऊ देणी होती. त्यातली आठ मी एका दुपारी एका कागदावर आणली आणि त्याबद्दल अख्ख्या इमारतीत मिरवून घेतलं. नववं देणं माझ्या बायकोचं होतं. ते कागदावर यायचं राहिलं ते माझ्यामुळे आणि फिटायचं थांबलं तेही माझ्यामुळेच. हे आधीच सांगून मोकळा होतो. पुढे मी थोडंफार हसवणार आहे, आणि हसण्याच्या भरात तुम्ही मला माफ करून टाकाल अशी मला धास्ती वाटते.

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माणसाच्या तोंडात हात घालतात, हे फक्त त्या तोंडाचा ठसा बघतात. ठसा आला की त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी डॉक्टरांकडे धाडायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीतच सगळा कारखाना. ती खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. त्यांची पॉलिशची मोटर सुरू झाली की आमच्या फळीवरच्या कपबश्या आपापसात बोलायला लागतात.

माणूस उंच, जरा वाकलेला, नखांत कायम प्लास्टर. बोलणं मोजकं. माणसं चेहऱ्यावरून ओळखण्याची त्यांना सवयच नाही.

"परवा बाजारात एक बाई भेटल्या," ते सांगायचे. "नाव काही आठवेना. खालचा डावा सुळा बाहेरच्या बाजूला वळलेला."

"तोंड उघडेपर्यंत ओळख नाही म्हणजे तुमची," मी म्हणायचो. "मुक्या माणसाने तुमच्याकडून उसने घ्यावेत."

हा विनोद मी बराच काळ चालवला. उसनं कोण कोणाकडून घेत होतं, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. दातवाल्यांना सर्वात जास्त काम देणारे जे डॉक्टर होते, त्यांनी एका मोठ्या यंत्रवाल्या कारखान्याशी सूत जमवलं. इकडे काम अर्ध्यावर आलं. दातवाल्यांना वाटलं आपणही नवं काहीतरी आणावं, म्हणून त्यांनी हप्त्यावर एक भट्टी घेतली. त्याच वर्षी त्यांच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं. भट्टीचा हप्ता भरायला एक कार्ड, त्या कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड, मग फोनवरून झटपट मिळणारं कर्ज, मग मेहुणा, मग किराणावाला, मग प्लास्टर आणि मेण पुरवणारा, आणि औषधांच्या दुकानात उधारी. मोजा, आठ होतात. महिन्यात आठ तारखा. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालता घालता त्यांचे स्वतःचे केस तेवढे गेले.

हे सगळं त्यांनी कुठे लिहून ठेवलं होतं, ते ऐका. वहीत नाही. प्लास्टरच्या साच्याला खालून सपाट बूड असतं, त्यावर पेन्सिलने माणसाचं नाव आणि दाताच्या रंगाचा नंबर लिहायची त्यांच्या धंद्यात रीत आहे. दातवाल्यांनी जुने, कामातून गेलेले आठ साचे घेतले आणि प्रत्येकाच्या बुडावर एकेक देणं लिहिलं. किती घेतले, कधी घेतले, आणि दिलेल्या प्रत्येक हप्त्याची एक बारीक रेघ. वरच्या फळीवर ओळीने आठ जबडे. त्यांची बायको त्या फळीला धूळ पुसायलासुद्धा हात लावायची नाही. "एवढी तोंडं एकदम बघत असतात माझ्याकडे," म्हणायची. देण्याचा हिशोब ठेवायला याहून सुरक्षित जागा नाही.

नववा साचा मात्र जुना नव्हता. तो माझ्या बायकोच्या तोंडाचा होता.

दोन वर्षांपूर्वी तिचे वरचे डाव्या बाजूचे चार दात काढावे लागले. त्यातला एक अगदी पुढचा. मी आठवडाभर खूष होतो. शेजारीपाजारी सांगत फिरलो, आता आमच्या घरात भांडण झालं की निम्मी अक्षरं वाऱ्यावर जातात. नंतर डॉक्टरांनी माप घेतलं, साचा दातवाल्यांकडे आला. लोकांचे कपडे दुरुस्त करून तिने शिलाई मशीनच्या खणात चोवीस हजार जमवले होते, खास दातांसाठी. ते घेऊन ती भिंतीपलीकडे गेली तेव्हा दातवाले भट्टीच्या वसुलीवाल्याशी फोनवर बोलत होते. बोलत होते म्हणजे ऐकत होते. तिने पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "दात नंतर करा. आधी ह्याचं तोंड बंद करा."

आणि एक अट घातली. "ह्यांना कळता कामा नये. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज कळलं तर उद्या जिन्यातल्या मांजराला कळेल."

मला तिने सांगितलं, "राहू द्या आता दातबित. सवय झाली मला." मी म्हणालो, "बरं." एवढंच. उजव्या बाजूने चावणारी, हसताना तोंडावर हात धरणारी बायको माझ्यासमोर रोज जेवत होती आणि मी म्हणालो, बरं.

तिचं देणं दातवाले महिन्याला पाचशे करून फेडत होते. सात महिने फेडलं. मग मी मध्ये पडलो.

मी पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून आहे. अर्ज म्हटला की माझ्या अंगात येतं. दातवाल्यांच्या दारात तिसरा वसुलीवाला दिसला तेव्हा मी सरळ आत घुसलो. "दातवाले, आठ लोकांपुढे मान खाली घालण्यापेक्षा एकापुढे घाला. मानेला आराम पडेल. सगळी देणी एकत्र करून एकच कर्ज देतात. जुन्यांना फेडायचं, नव्याला एकच हप्ता."

"देतील का मला?"

"मी अर्ज भरला तर मेलेल्या माणसालासुद्धा देतील."

ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांच्या कामाच्या टेबलावरचं मेण बाजूला सारून मी अर्ज पसरला. ते एकेक साचा उतरवायचे, उलटा करायचे, आकडा वाचायचे. मी लिहायचो. आणि मला काय, रंगच चढला होता. किराणावाल्याच्या देण्याचा जबडा हातात घेऊन मी म्हणालो, "हा बघा कसा दात विचकतोय, व्याजाची वाट बघत." दातवाले कसनुसे हसले. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली.

आठ झाले. फळीच्या टोकाला आणखी एक साचा होता, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"हा कोणाचा?"

"ते... ते काम अर्धवट राहिलंय."

मी उठून तो घेतला. वरचा जबडा, डावीकडे भगदाड, पुढचा एक दात गायब. मी तो उंच धरला आणि काय बोललो ते आता लिहायला हात होत नाही, पण लिहितो. म्हणालो, "बाप रे, हे कोणाचं बोळकं? ह्या दातांनी ही बाई काय चावत असेल? नवऱ्याचं डोकं सोडून दुसरं काही जमायचं नाही हिला."

माझी बायको एका हातात ट्रे धरून उभी होती. ती हसली. तोंडावर हात धरून हसली. दातवाल्यांनी माझ्या हातातून साचा काढून घेतला, हळूच, जणू तो फुटणार होता, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी बूड उलटून बघितलंच नाही. बायकोच्या दातांशेजारी सव्वीस वर्षं जेवलेला माणूस मी. आणि ते दात मला ओळखू आले नाहीत.

मग आम्ही महिन्याचा खर्च मांडला. भाडं, वीज, औषधं, प्लास्टर, मेण. शेवटी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इतर, पाचशे.'

"हे इतर काय आहे?"

ते माझ्या बायकोकडे न बघता म्हणाले, "असंच. किरकोळ."

"इतर म्हणजे उधळपट्टी. कचेरीत मी रोज बघतो, ज्याला सांगता येत नाही तो इतर लिहितो." आणि मी त्यावर काट मारली. सरळ, पट्टी लावून.

कर्जाच्या कचेरीत नंबराची चिठ्ठी घेऊन आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तासभर बसलो. काउंटरवरची मुलगी हुशार होती. तिने सगळं नीट समजावलं. आठ देणी मिळून एक लाख तीस हजार, ते आम्ही परस्पर भरून टाकू, दोन्ही कार्डं बंद करावी लागतील. मग म्हणाली, "काका, पाच वर्षांची मुदत घ्या. हप्ता हलका पडेल. हातात काहीतरी राहू दे माणसाच्या."

"आणि पाचव्या वर्षाचं व्याज कोण भरणार?" मी मध्येच. "चार वर्षं लिहा. माझा माणूस काटकसरी आहे. इतरसुद्धा नाही त्याचं."

तिने दातवाल्यांकडे बघितलं. दातवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चार वर्षं झाली.

शेवटच्या पानावर छापील ओळ होती. 'वर नमूद केलेल्या देण्यांव्यतिरिक्त माझ्यावर अन्य कोणतंही देणं नाही.' त्याखाली सही. दातवाले पेन धरून बसले. मुलीने खाकरून दाखवलं. मी कानाशी कुजबुजलो, "काय झालं? सही विसरलात की काय?" त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर पायरीवर टेकले. मला वाटलं, ओझं उतरलं म्हणून बसलेत.

आता माझी मिरवणूक. जिन्यात, गच्चीवर, दुधाच्या रांगेत, कचेरीत. आठ तोंडांच्या राक्षसाला मी एका अर्जाने कसं लोळवलं, ते मी इतक्यांदा सांगितलं की राक्षसाची तोंडं दर वेळी वाढत गेली. दातवाल्यांची उधारी कुठे कुठे होती ते सगळ्या इमारतीला तोंडपाठ झालं. मला ते चहाडी वाटलंच नाही. मला ते कौतुक वाटत होतं, माझं स्वतःचं.

दातवाले मात्र आमच्याकडे यायचे बंद झाले. आधी रोज संध्याकाळी चहाला असायचे. आता जिन्यात माझी बायको दिसली की ते चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकायचे. मी जेवताना म्हणायचो, "बघितलंस? कर्ज फिटलं, शेजारी विटला."

"असतील कामात," ती म्हणायची आणि सफरचंदाची फोड किसणीवर किसून खायची.

"आणि हे काय नवीन? लहान बाळासारखं किसून?"

"असं छान लागतं."

मला ते खरं वाटलं. म्हणजे खरं वाटून घेणं सोपं होतं.

आठ महिने गेले. एके दिवशी पेन्सिल चावता चावता माझीच दाढ तुटली. कचेरीतल्या कारकुनाच्या दाढेला याहून मानाचं मरण नाही. बायकोचं माप घेतलेल्या त्याच डॉक्टरांकडे मी गेलो. तिथल्या बाईंनी माझं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचं काय झालं हो? माप दिलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं. आता ते माप चालायचं नाही, परत घ्यावं लागेल. दातवाल्यांना दोनदा विचारलं. ते म्हणतात, काम अर्धवट आहे."

काम अर्धवट आहे. हे शब्द मी कुठे ऐकले होते ते मला खुर्चीत झोपल्यावर, तोंडात कापूस असताना आठवलं. त्यामुळे ओरडता आलं नाही.

घरी न जाता मी भिंतीपलीकडे गेलो. मोटर चालू होती. मला बघून त्यांनी ती बंद केली. मी फळीच्या टोकाचा साचा उचलला आणि उलटा केला. माझ्या बायकोचं नाव. खाली चोवीस हजार आणि घेतल्याची तारीख. त्याखाली सात रेघा, एकीला एक लागून. सातव्या रेघेनंतर कोरं प्लास्टर. तारखेपासून महिने मोजले, तर सातव्या रेघेचा महिना आणि माझ्या अर्जाचा महिना एकच होता.

अर्धा गाल बधिर होता, त्यामुळे माझं बोलणं सूज आल्यासारखं येत होतं. "मला... का नाही सांगितलं?"

"तुम्ही समोर होतात, भाऊ." त्यांनी हात फडक्याला पुसले, पुसतच राहिले. "वहिनींनी शब्द घेतला होता. तुम्ही विचारत होतात, हा कोणाचा, हा कोणाचा. आठ सांगितले. नववा कसा सांगणार? ज्यांनी दारात येऊन आरडाओरडा केला त्या सगळ्यांचे फेडले मी. वहिनींनी कधी तोंडातून शब्द काढला नाही, त्यांचे तेवढे राहिले. कागदावर सही करून सांगितलं, त्यांचं काही देणंच नाही म्हणून."

"आणि पाचशे?"

"इतर," ते म्हणाले.

मी स्टुलावर बसलो. फळीवरचे आठ साचे आता कोरे होते, त्यांची बुडं घासून स्वच्छ केलेली. माझी कामगिरी.

"मेणाचे दात दोनदा बसवले मी वहिनींचे," दातवाले म्हणाले. "दोनदा काढले. फुकट देऊ म्हटलं तर त्या घेणार नाहीत. पैसे देऊ म्हटलं तर नाहीत. तुमच्याकडे चहाला आलो की त्या उजवीकडून बिस्किट भिजवून खाणार, आणि मी बघत बसणार. कसा येऊ?"

घरी येऊन मी बायकोसमोर उभा राहिलो. ती मशीनवर कोणाच्यातरी पँटची चेन बसवत होती. मी मोठ्या मनाने सुरुवात केली, "मी दातवाल्यांना सांगून आलो, की ते पैसे आता विसरा..."

मशीन थांबलं. "कोणाचे पैसे?"

"तुझे. म्हणजे आपले."

"माझे. शिलाईचे. तुम्ही कोण विसरायला सांगणारे?" तिने चष्मा वर केला. "त्यांना आधीच मान वर करता येत नाही. आता तुम्ही माफ करून ती कायमची खाली दाबा. आणि मग गच्चीवर जाऊन तेही सांगा सगळ्यांना, आम्ही कसे माफ केले."

मी खरंच सांगितलं असतं.

"मग मी काय करू?"

"अर्ज भरता ना? भरा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दातवाल्यांना घेऊन त्याच कचेरीत गेलो. तीच मुलगी. मी म्हणालो, "एक वर्ष वाढवायचं आहे. आणि यादीत एक देणं राहिलं होतं, ते लिहायचं आहे."

"पहिल्यांदा का नाही लिहिलं, काका?" तिने दातवाल्यांना विचारलं.

"मी समोर होतो म्हणून," मी म्हणालो.

तिला काही कळलं नाही, पण तिने जास्त विचारलं नाही. व्याज एकूण वाढेल, मुदत बदलण्याचं शुल्क पडेल, हे तिने दोनदा सांगितलं. शुल्क मी भरलं. दातवाले हुज्जत घालत होते, मी म्हणालो, "चार वर्षांचा शहाणपणा माझा होता, त्याची पावती माझ्या नावावर फाडू द्या." हप्ता सहाशेने उतरला. खर्चाच्या कागदावर मी माझ्या काटेच्या खाली पुन्हा लिहिलं, पाचशे. या वेळी 'इतर' लिहिलं नाही, बायकोचं नाव लिहिलं.

दातांचे पैसे वेगळे. ते कोणी भरायचे यावर घरात वाद झाला नाही. मी नवा रेडिओ घ्यायला ठेवलेले होते ते दिले, उरलेले कचेरीच्या पतपेढीतून काढले. म्हणजे आता हप्ता माझ्याही पगारातून कापला जातो. दर महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो आकडा येतो, आणि मी तो वाचून घेतो. वाचायला हवाच.

डॉक्टरांनी नवं माप घेतलं. दातवाल्यांनी मेणात दात बसवले आणि पारखायच्या दिवशी स्वतः दवाखान्यात आले. पुढचा दात असेल तर असं करावं लागतं, ते म्हणाले. माणूस हसला की ओठ किती वर जातो ते बघून तिथे पेन्सिलने खूण करायची, मग हिरडी कुठे संपवायची ते ठरतं. माझी बायको खुर्चीत बसली, तोंडात मेणाचे दात. दातवाले समोर वाकून, पेन्सिल हातात.

"हसा, वहिनी."

तिने ओठ ताणले. सवयीने हात तोंडावर गेला.

"असं नाही. खरं हसा. आणि हात खाली." ते माझ्याकडे वळले. "भाऊ, सांगा एखादा."

मला एकही विनोद आठवला नाही. पाणीपट्टीतले, शेजारच्यांचे, जिन्यातल्या मांजराचे, सगळे गेले. जे आठवत होते ते सगळे हिच्यावरचेच होते. तोंड उघडून मी नुसताच उभा. डॉक्टर थांबले, बाई थांबल्या, दातवाल्यांची पेन्सिल हवेत. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो साचा, माझ्या हातात उंच धरलेला, आणि ट्रे घेऊन उभी असलेली ती.

तिने माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मी गप्प उभा होतो, एवढ्या लोकांसमोर. आणि ते बघून तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

"हलू नका," दातवाले म्हणाले आणि त्यांनी खूण केली.

आता ती सफरचंद चावून खाते, मुद्दाम आवाज करत, माझ्या कानाशी. दातवाले चहाला येतात. महिन्याच्या सुरुवातीला पाचशे टेबलावर ठेवतात, ती मोजून घेते, ते भिंतीपलीकडे जाऊन रेघ मारतात. परवा मी मुद्दाम बघायला गेलो. नववा साचा आता खोलीकडे तोंड करून ठेवलाय. बुडावर अकरा रेघा आहेत. सात पूर्वीच्या, चार नंतरच्या, आणि मधल्या आठ महिन्यांपुरती जागा त्यांनी मोकळी सोडली आहे.

"ही जागा कशाला?" मी विचारलं.

"हिशोब बरोबर दिसायला नको का?" ते म्हणाले आणि मोटर सुरू केली. ती जागा त्यांनी स्वतःची चूक म्हणून आपल्या नावावर धरली आहे. खरं तर तिथे माझं नाव लिहायला हवं.